डब्यावरील चिठ्ठी

[नभोवाणीवरून केलेलें भाषण]

एकाद्या घरीं नवा आचारी कामावर येतो. फडताळांत एकाच आकाराचे डबे ओळीनें मांडलेले असतात. एकावर "पांढरी पूड" अशी चिठ्ठी; शेजारच्या डब्यावरहि तीच. पिठीसाखर कोणती आणि खाण्याचा सोडा कोणता, हें घरच्या बाईंना संवयीनें ठाऊक असतें; आचाऱ्याला तें कळण्यास मार्ग नाहीं. तो चाखून पाहील, असें आपण म्हणाल. पण समजा, चाखण्याची त्याला मुभाच नाहीं. चिठ्ठी वाचावयाची आणि डबा पातेल्यांत ओतावयाचा, एवढेंच त्याच्या हातीं आहे. श्रोते हो, आज ज्यांना कृत्रिम बुद्धीचे एजंट म्हणतात, त्या यांत्रिक गुमास्त्यांची स्थिति जवळजवळ अशीच असते.

भाषा जाणणारें मॉडेल स्वतः केवळ शब्दामागून शब्द जुळवीत असतें. त्याला पत्र धाडतां येत नाहीं कीं तिकिट काढतां येत नाहीं. म्हणून त्याच्या हाताशीं टूल, म्हणजे साधनें, दिलीं जातात: एक दिनदर्शिका पाहणारें, एक टपाल पाठविणारें, एक हिशेब करणारें. ओपन एआय या कंपनीनें २०२३ च्या जूनमध्यें आपल्या मॉडेलांना अशीं साधनें जोडण्याची सोय दिली. पुढें २०२४ च्या नोव्हेंबरांत अँथ्रॉपिक या कंपनीनें मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नांवाचा एक सामायिक संकेत जाहीर केला, आणि एकानें केलेलें साधन दुसऱ्याच्या गुमास्त्याला वापरणें सोपें झालें. साधन करणारा आणि तें वापरणारा यांची आतां गांठहि पडत नाहीं. मध्यें उरते ती चिठ्ठी.

कारण साधनाच्या पोटांतील यंत्रणा मॉडेलला सहसा दिसत नाहीं. त्याच्यापुढें येतें तें साधनाचें नांव, त्याचें वर्णन, आणि त्याला कोणकोणती माहिती पुरवावयाची याची यादी. एवढ्यावरून हें साधन उचलावें कीं तें, आणि उचललें तर त्यांत काय भरावें, हें त्यानें ठरवावयाचें.

समजा, आगगाडीच्या तिकिटांचें एक साधन आहे. कर्त्यानें त्याला नांव दिलें "तिकिट", आणि वर्णन लिहिलें, "तिकिटाचें काम करतें." माहितीच्या यादींत दोनच शब्द: "दिनांक" आणि "नांव". सोलापूरच्या एक आजीबाई नातीच्या फोनवर म्हणतात, "पांच जूनला पुण्याला जायचं आहे, जागा आहे का बघ." गुमास्ता साधन उचलतो. पण हें साधन जागा नुसती पाहतें, कीं पाहतां पाहतां पैसेहि कापून घेतें? "नांव" तें प्रवाशाचें कीं स्टेशनाचें? "०५/०६" असें लिहिलें तर आपल्याकडे तो पांच जून. अमेरिकन रीतीनें तोच सहा मे. मॉडेल अडून बसत नाहीं. बहुधा अंदाज करून पुढें जातें, आणि आजीबाईंचे पैसे भलत्याच दिवसाच्या तिकिटांत अडकतात.

तेंच वर्णन असें लिहिलें तर पाहा. "दोन स्टेशनांमधील गाड्यांत दिलेल्या दिवशीं किती जागा शिल्लक आहेत तें दाखवितें. जागा राखीत नाहीं, पैसे घेत नाहीं; त्यासाठीं 'जागा राखा' हें निराळें साधन आहे, व तें वापरण्यापूर्वीं प्रवाशाची संमति घ्यावी. प्रवासाचा दिनांक वर्ष, महिना, दिवस या क्रमानें, जसें २०२६-०६-०५. जागा नसल्यास रिकामी यादी येते. तो बिघाड नव्हे." हें शेवटचें वाक्य पुष्कळजण गाळतात. रिकामी यादी पाहून बिचारा गुमास्ता साधन बिघडलें असें समजतो आणि पुनः पुनः तोच दरवाजा ठोठावीत राहतो.

शब्दांचा असा परिणाम खरोखर होतो काय? अँथ्रॉपिकनेंच २०२५ मध्यें आपला एक अनुभव प्रसिद्ध केला. महाजालावर शोध घेतांना त्यांचें मॉडेल प्रश्नाला विनाकारण "२०२५" हा आंकडा जोडी, आणि त्यामुळें निकाल बिघडत. इलाज केला तो साधनाचें वर्णन सुधारून!

मात्र पाल्हाळ नको. हीं वर्णनें सामान्यतः कामाच्या आरंभींच मॉडेलपुढें मांडलीं जातात, आणि त्यांचा भार त्याच्या लक्षावर व आपल्या खर्चावर पडतो. दोन साधनांतील फरक समजावण्यास परिच्छेद लागूं लागला, तर तीं दोन साधनें मुळांत एकच असावयास हवीं होतीं, असें माझें मत आहे.

एक धोकाहि आहे. मॉडेल वर्णनावर भरंवसा ठेवतें, हें लबाडांनाहि ठाऊक आहे. वर्णनाच्या पोटांत गुप्त हुकूम दडवून गुमास्त्याकडून मालकाचीं खाजगी कागदपत्रें बाहेर नेववितां येतात, हें २०२५ च्या एप्रिलांत संशोधकांनीं दाखवून दिलें. वापरणाऱ्याला पडद्यावर नुसतें साधें नांव दिसतें. मॉडेल मात्र सगळा मजकूर वाचतें. अनोळखी साधन जोडण्यापूर्वीं त्याचें वर्णन पुरतें वाचून पाहणें म्हणूनच जरूर आहे.

वर्णन पारखावें कसें? गुमास्त्याला खरींखुरीं कामें सांगावीं, आणि तो कोणतें साधन उचलतो, त्यांत काय भरतो, तें पाहावें. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे यंत्रांशीं कांहीं संबंध नसलेल्या माणसाला तें वाचून दाखविणें. वरील तिकिटाचें वर्णन मीं घरांत मंडळींना वाचून दाखविलें, तेव्हां पहिलाच प्रश्न आला, "दोन गांवांत चार स्टेशनं असली तर त्यानं कोणतं धरायचं?" त्याचें उत्तर माझ्या वर्णनांत नव्हतें.