जेवणाच्या मेजावरील इतिहास : प्रवाशाच्या दृष्टीतून कोरियन खाद्य-पेय संस्कृती

सारांश :
दक्षिण कोरियात जाणाऱ्या प्रवाशापुढे येणारे जेवण व पेय बहुधा 'प्राचीन परंपरा' या एकाच नावाखाली मांडले जाते. प्रत्यक्षात त्या मेजावर अनेक शतकांची आंबवण्याची विद्या, युद्धकाळातील टंचाई आणि शासनाचे धान्यविषयक कायदे शेजारी शेजारी मांडलेले असतात. प्रस्तुत लेखात प्रवाशाला सहज भेटणाऱ्या काही पदार्थांच्या व पेयांच्या आधारे ही सरमिसळ उलगडून दाखवण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : किमची, जांग, बानचान, सोजू, मकगोल्ली, टंचाई, परंपरा

प्रस्तावना :
ओळखीचा माणूस भेटला की 'जेवलात का?' असे विचारण्याची रीत कोरियन भाषेत आहे. मराठी माणसाला ही विचारपूस परकी वाटणार नाही. मात्र कोरियात या साध्या प्रश्नाचा संबंध सहसा उपासमारीच्या आठवणीशी जोडला जातो. आदल्या हंगामाचा तांदूळ संपलेला आणि जवाचे पीक अद्याप हाती न आलेले, अशा वसंत ऋतूतील कठीण काळाला तेथे 'बोरितगोगे' म्हणत. या शब्दाचा अर्थ 'जवाचा घाट' असा होतो. हा घाट चढून पलीकडे जाणे हे १९६० च्या दशकापर्यंत असंख्य ग्रामीण कुटुंबांचे दरवर्षीचे दिव्य होते.

आजचा प्रवासी सोलमधील एखाद्या साध्या खाणावळीत बसतो, तेव्हा एका पदार्थाची मागणी करताच सात-आठ वाट्या न मागता समोर येतात व त्या रिकाम्या झाल्यास बहुधा मोफत पुन्हा भरल्या जातात. उपासाचा घाट आणि हे भरलेले मेज यांमध्ये जेमतेम दोन पिढ्यांचे अंतर आहे. हे अंतर लक्षात घेतल्याशिवाय कोरियन आहाराचे आकलन पूर्ण होत नाही, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

मेजाची रचना :
कोरियन जेवणाचा गाभा 'बाप' म्हणजे भात, 'गुक' म्हणजे पातळ रस्सा आणि 'बानचान' म्हणजे तोंडी लावण्याचे पदार्थ असा आहे. किमची ही बानचानमध्ये जवळजवळ अनिवार्य असते. पाश्चात्त्य पद्धतीप्रमाणे एकामागून एक पदार्थ न येता सर्व काही एकाच वेळी मांडले जाते. भात व रस्सा प्रत्येकाचा स्वतंत्र, तर बानचान सर्वांत सामाईक असते. भात व रस्सा चमच्याने, इतर पदार्थ धातूच्या काड्यांनी खाण्याची रीत असून भाताची वाटी हातात उचलून खाणे शिष्टसंमत मानले जात नाही. या बाबतीत कोरिया जपान व चीन या शेजाऱ्यांहून वेगळा आहे. वडीलधाऱ्या व्यक्तीने चमचा उचलल्यानंतरच इतरांनी आरंभ करावा, असा संकेत आहे.

खाणावळीत भात येतो तो झाकणाच्या लहानशा पोलादी वाटीत. प्रवाशाला ही वाटी पारंपरिक वाटते, पण तिचा आकार शासनाने ठरवलेला आहे. तांदळाची बचत व्हावी म्हणून १९७० च्या दशकात सोलच्या नगर प्रशासनाने खाणावळींतील भाताच्या वाटीचे माप निश्चित केले. त्यात आतील व्यास १०.५ सेंटिमीटर व उंची ६ सेंटिमीटर अशी होती. टंचाई सरली, पण वाटी राहिली.

आंबवण्याची विद्या : किमची व जांग
कोरियन द्वीपकल्पातील दीर्घ व कडक हिवाळ्यात ताजी भाजी मिळणे दुर्लभ होते. त्यामुळे नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून कुटुंबे व शेजारी एकत्र येऊन हिवाळ्याची किमची घालत. या सामूहिक कामास 'किमजांग' म्हणतात. चिनी कोबी मिठात मुरवून तिच्यातील पाणी कमी केले जाते. नंतर मिरची, लसूण, आले व खारवलेली मासळी यांचे वाटण पानापानांत भरले जाते. मिठामुळे नको असलेले जिवाणू दबतात, दुग्धाम्ल तयार करणारे जिवाणू वाढतात आणि आंबट होत जाणारी भाजी महिनोन्महिने टिकते. पूर्वी यासाठी मातीचे रांजण जमिनीत पुरत. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून शहरी घरांत केवळ किमचीसाठी बनवलेला शीतकपाट त्या जागी आला.

किमचीचा लाल रंग मात्र तुलनेने अर्वाचीन आहे. मिरची मूळची अमेरिका खंडातील आहे. कोरियात तिचा लिखित उल्लेख १६१४ सालच्या 'जिबोंग युसोल' या ग्रंथात जपानमार्गे आलेली वनस्पती म्हणून येतो, तर किमचीतील तिच्या वापराची नोंद १८ व्या शतकातील ग्रंथांत मिळते. तत्पूर्वीची किमची मुख्यतः खारवलेली होती. पोर्तुगीज व्यापारामुळे पसरलेली हीच मिरची गोव्याच्या वाटेने आपल्या स्वयंपाकघरात आली, हे ध्यानात घेतल्यास 'अस्सल देशी चव' या कल्पनेचा दोन्हीकडे फेरविचार करावा लागतो.

किमचीहूनही मूलभूत घटक म्हणजे 'जांग'. शिजवलेल्या सोयाबीनच्या विटा थापून त्या वाळवतात व आंबवतात. या विटांना 'मेजू' म्हणतात. मेजू खाऱ्या पाण्यात अनेक आठवडे ठेवल्यावर जो द्रव वेगळा होतो तो 'गांजांग', आणि उरलेला गर म्हणजे 'दोएनजांग'. मिरची व धान्य घालून केलेला तिखट प्रकार 'गोचुजांग' होय. बहुतेक रश्श्यांची व वाटणांची चव यांवरच उभी असते.

युनेस्कोच्या अमूर्त वारसा-सूचीत दक्षिण कोरियाच्या किमजांगचा समावेश २०१३ मध्ये, उत्तर कोरियाच्या किमची-परंपरेचा २०१५ मध्ये आणि जांग बनवण्याच्या विद्येचा २०२४ मध्ये झाला. राजकीय सीमेमुळे एकाच खाद्यपरंपरेच्या दोन स्वतंत्र नोंदी झाल्या, ही बाब बोलकी आहे. दुसरीकडे, दक्षिण कोरियातील अनेक खाणावळींत वाढली जाणारी किमची चीनमधून आयात केलेली असते. वारशाचा गौरव आणि बाजाराचे गणित यांतील हा विरोध प्रवाशाने नोंदवून ठेवण्याजोगा आहे.

युद्ध व टंचाईचे पदार्थ :
सोलच्या उत्तरेस असलेल्या उइजोंगबू या शहरात 'बुदे-जिगे' हा रस्सा प्रसिद्ध आहे. 'बुदे' म्हणजे लष्करी तुकडी. १९५० ते १९५३ च्या कोरियन युद्धानंतर अमेरिकी तळांवरून बाहेर येणारे डबाबंद मांस व सॉसेज किमची व गोचुजांगच्या रश्श्यात शिजवून हा पदार्थ घडला. पुढे त्यात रामयोन म्हणजे झटपट शेवया पडू लागल्या. त्यांचे कोरियातील उत्पादन १९६३ मध्ये सुरू झाले होते.

दक्षिणेकडील बुसान बंदरात युद्धकाळात उत्तरेकडून निर्वासितांचे लोंढे आले. त्यांच्या गावाकडे 'नेंगम्योन' या थंड शेवया बकव्हीट नावाच्या धान्यापासून करीत. बुसानमध्ये ते मिळणे कठीण, पण मदतीतून आलेला गव्हाचा मैदा उपलब्ध होता. त्यातून 'मिल्म्योन' म्हणजे गव्हाच्या थंड शेवया जन्माला आल्या. भारतीय वाचकास परिचित असलेल्या पी. एल. ४८० या अमेरिकी योजनेतून पुढे कोरियातही मोठ्या प्रमाणावर गहू आला. आज पर्यटक बुसानची खासियत म्हणून जे चवीने खातात, ते मुळात गाव हरवलेल्या माणसांनी आठवणीवर रचलेले अन्न आहे.

१९६० व १९७० च्या दशकांत शासनाने तांदळात जव मिसळण्याची व पिठाचे पदार्थ खाण्याची मोहीम राबवली. शाळेत मुलांचे डबे उघडून भातात जव आहे की नाही हे शिक्षक तपासत. अन्नधोरण वर्गखोलीपर्यंत कसे पोहोचते, याचे हे उदाहरण अध्यापकांना अंतर्मुख करणारे आहे. 'तोंगिल' या अधिक उत्पादन देणाऱ्या भातवाणामुळे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तांदळाची स्थिती सुधारली.

पेय-संस्कृती : एक रांजण, तीन पेये
शिजवलेला तांदूळ, पाणी व 'नुरुक' हे मुख्यतः गव्हापासून केलेले विरजण एकत्र आंबवले जाते. वर येणारा नितळ भाग म्हणजे 'चोंगजू', जाडसर गाळलेले पांढरट पेय म्हणजे 'मकगोल्ली' आणि आंबवणाचे ऊर्ध्वपातन केल्यास मिळते ती 'सोजू'. ऊर्ध्वपातनाची कला १३ व्या शतकात मंगोल सत्तेच्या काळात कोरियात आली. केसोंग परिसरात सोजूला 'आराकजू' असेही म्हणत. यातील 'आराक' हा मूळ अरबी 'अरक' शब्द असून मराठीतील 'अर्क' त्याच कुळातील आहे.

जपानी वर्चस्वाच्या काळात १९०९ व १९१६ च्या मद्यकर कायद्यांनी घरगुती मद्यनिर्मितीवर निर्बंध आणले आणि घराघरांतील वेगवेगळ्या चवी लोपत गेल्या. स्वातंत्र्यानंतर, १९६५ मध्ये तांदूळ वाचवण्यासाठी धान्यापासून सोजू गाळण्यास मनाई झाली. रताळे, टॅपिओका इत्यादींपासून काढलेल्या शुद्ध मद्यार्कात पाणी व गोडी मिसळलेली सोजू सर्वत्र पसरली. हिरव्या बाटलीतील आजची सोजू ती हीच. तिच्यात मद्यार्काचे प्रमाण सुमारे १६ ते १७ टक्के असते, तर आंदोंग येथील पारंपरिक गाळीव सोजूत ते ४५ टक्के असते. मकगोल्लीतही त्या काळात तांदळाऐवजी मैदा आला आणि तिची प्रतिष्ठा घसरली. घरी स्वतःपुरते मद्य करण्यास १९९५ मध्ये परवानगी मिळाली व २०२१ मध्ये मकगोल्ली बनवण्याच्या विद्येस राष्ट्रीय अमूर्त वारशाचा दर्जा देण्यात आला. एके काळी जे घरात करणे गुन्हा होता, तेच पुढे राष्ट्राचा वारसा ठरले.

पिण्याचेही संकेत आहेत. स्वतःचा पेला स्वतः न भरता दुसऱ्याचा भरावा, वडीलधाऱ्यांकडून पेला दोन्ही हातांनी घ्यावा व त्यांच्यासमोर पिताना तोंड किंचित बाजूला वळवावे. पेयासोबत 'आन्जू' म्हणजे खाण्याचे पदार्थ असतातच. जोनजू शहरातील मकगोल्लीच्या खानावळींत किटली मागवली की पदार्थांनी मेज भरते. हे शहर २०१२ पासून युनेस्कोच्या पाककला-नगरांच्या जाळ्यात आहे.

प्रवाशापुढील दोन अडचणी :
पहिली अडचण एकट्याने जेवण्याची. सामाईक मेजाच्या पद्धतीमुळे मांस भाजण्याच्या खाणावळींत व सामाईक रश्श्यांच्या ठिकाणी अनेकदा किमान दोघांची मागणी लागते. मात्र आज एक तृतीयांशाहून अधिक कोरियन कुटुंबे एका व्यक्तीची आहेत. 'होनबाप' म्हणजे एकट्याचे जेवण हा शब्द रूढ झाला असून एकट्यासाठी आसने असलेल्या खाणावळी वाढत आहेत.

दुसरी अडचण शाकाहाराची. भाजीच्या दिसणाऱ्या रश्श्यातही सुकी मासळी असू शकते आणि किमचीत बहुधा मासळी असतेच. अशा वेळी बौद्ध मठांची पाकपरंपरा उपयोगी पडते. तीत मांस-मासळीबरोबर पाच उग्र वनस्पतीही वर्ज्य असतात. त्यांत लसूण व पातीचा कांदा आहेतच, शिवाय 'हंगगो' हेही नाव आहे. ते संस्कृत 'हिंगु'चे चिनीमार्गे आलेले रूप असून त्याचा अर्थ सामान्यतः हिंग असाच घेतला जातो. आपल्या फोडणीतील हिंग कोरियन मठाच्या निषेध-सूचीत भेटावा, हा योग मौजेचा आहे.

निष्कर्ष :
१) कोरियन आहाराची स्थिर रचना भात, रस्सा, बानचान व आंबवलेले पदार्थ ही आहे, तथापि तिच्यातील घटक सतत बदलत आले आहेत.
२) मिरची, मैदा, डबाबंद मांस यांसारखे परके घटक किमची व जांगच्या चौकटीत सामावले गेले. परंपरेची शक्ती या सामावून घेण्यात आहे.
३) भाताची वाटी व हिरवी बाटली ही शासकीय धोरणाची अपत्ये असून ती पुढे लोकजीवनाचा भाग बनली.
४) वारशाची अधिकृत नोंद गौरवास्पद असली तरी तिच्या उजेडात निर्बंध, स्थलांतर व भूक यांचा इतिहास झाकोळण्याचा धोका असतो.

सारांश, कोरियात जाणाऱ्या प्रवाशाने पदार्थांची यादी पाठ करण्यापेक्षा प्रत्येक वाटीला 'तू येथे कशी आलीस?' असा प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर शोधताना 'जवाच्या घाटा'ची आठवण झाली, म्हणजे 'जेवलात का?' या विचारपुशीचे मोलही त्याला कळेल.