बैर-शेबा : सातांची विहीर की शपथेची?

आता आपण बैर-शेबा हे नाव पाहू. हिब्रूत ‘बएर’ म्हणजे विहीर. मग ‘शेबा’ म्हणजे काय? सरळ अर्थ सात. उत्पत्तीच्या 21व्या अध्यायात अबीमलेखाच्या चाकरांनी अब्राहामाची विहीर बळकावलेली असते. ती आपणच खणली, याची साक्ष म्हणून अब्राहाम त्याला सात कोकरे देतो आणि दोघे शपथ वाहतात. आता गंमत बघा, ‘शपथ घेणे’ या हिब्रू क्रियापदातही तीच तीन व्यंजने आहेत! म्हणून आपण दोन्ही अर्थ धरू. 26व्या अध्यायात इसहाकाच्या वेळीही आधी शपथ होते, मग पाणी लागते आणि हेच नाव पुन्हा येते. नेगेवच्या कोरड्या मुलखात विहीर गेली की कळप गेला, घरदार गेले. ते भांडण शब्द देऊन मिटले, एवढे हे नाव आजही सांगते.