अकाली आणि अवकाळी

पंचाण्णवाव्या वर्षी गेलेल्या माणसाच्या श्रद्धांजलीत 'अकाली निधन' असे कोणी छापत नाही. वास्तविक 'अ' आणि 'काल' या दोन तुकड्यांत लवकर की उशिरा याचा पत्ताच नाही; वेळ नसताना, एवढाच अर्थ. तरी मराठीतला 'अकाली' नेहमी एकाच बाजूला झुकतो. अकाली पांढरे झालेले केस, अकाली आलेले प्रौढत्व, सगळे वेळेआधीचे. चाळिशीत झालेल्या लग्नाला अकाली म्हटलेले मी तरी ऐकलेले नाही. शेजारच्या हिंदीत 'अकाल' म्हणजे दुष्काळ. पंजाबात तर काळाच्या पलीकडचा तो अकाल, म्हणजे परमेश्वर. अमृतसरचे अकाल तख्त आणि १९२० साली स्थापन झालेले अकाली दल यांच्या नावात घाईचा मागमूसही नाही.

बाळंतपणात हा शब्द दवाखान्याच्या कागदावरच राहतो. ३७ आठवडे पुरे होण्याआधीची ती अकाली प्रसूती. घरात मात्र 'दिवस भरायच्या आधीच झालं', 'अपुऱ्या दिवसांचं आहे' असेच बोलतात. (हेच दिवस भरणे धमकीलाही चालते, हा मराठीचा खोडसाळपणा.) सातव्या महिन्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही, हा आजीबाईंचा ठोकताळा प्राचीन ग्रीक वैद्यांच्या ग्रंथांतही आहे आणि दोन्हीकडे तो चुकीचा आहे. महिनाभर जास्त पोटात राहिलेल्या बाळाची फुप्फुसे अधिक तयार असतात.

निवडणूक किंवा कर्जफेड लवकर झाली तर ती 'मुदतपूर्व'. तिथे काळ नाही, करार मोडतो.

पावसाला मराठीने वेगळा शब्द राखला, 'अवकाळी'. हा दोन्ही बाजूंना चालतो. पावसाळा संपल्यावर नोव्हेंबरात द्राक्षबागेवर कोसळला तरी अवकाळी, मार्चमध्ये कापणीला आलेल्या गव्हावर पडला तरी अवकाळी. वैशाखातल्या वळवाला मात्र स्वतःचे नाव आहे, त्याची वाट पाहिली जाते. २०२५ साली मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजीच पोचला. नेहमीची तारीख ११ जून. हवामान खात्याच्या लेखी तो मान्सून. ज्याचा काढलेला कांदा शेतात उघडा होता, त्याच्या तोंडी तो अवकाळीच.

'अकाल' या शब्दाला मानही मिळालेला आहे. इसवी सन ९०० च्या सुमाराचा नाटककार राजशेखर आपल्या पणजोबाला 'महाराष्ट्रचूडामणी' म्हणतो. त्या कवीचे नाव अकालजलद, म्हणजे अवेळी आलेला ढग. त्याच्या नावावरच्या एका श्लोकात तळे आटलेले आहे. बेडूक बिळांत मेल्यासारखे पडलेत, कासवे जमिनीत शिरलीत, मासे चिखलात लोळून मूर्च्छित होताहेत. अशात ऋतू नसताना एक ढग येतो, आणि मग त्याच तळ्यात रानहत्तींचे कळप गंडस्थळापर्यंत बुडून पाणी पितात.