भिंतीवरचा कागद वाचा

संमोहन म्हणजे जादू नव्हे, मंत्र नव्हे. उपचार करणारा हळू आवाजात बोलत जातो. ऐकणाऱ्याचे मन एका जागी लागते. सांगितलेले त्याला लवकर पटते. पण तो शुद्धीवर असतो, बरं का! भीती, दुखणे कमी करायला याचा उपयोग होतो.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. संमोहन करणाऱ्यांची वेगळी सरकारी नोंदवही आपल्या देशात नाही. कोणी दोन दिवस शिबिराला जातो, कागद आणतो, भिंतीवर टांगतो.

आमच्या ओळखीच्या एका बाईने असाच कागद पाहिला. त्या माणसाच्या सांगण्यावरून मुलाची फेफऱ्याची गोळी बंद केली. पोराला पुन्हा झटके आले. बाईला वाचता येत नव्हते. तुम्हाला येते.

मग कागदावर काय पाहावे? मनोविकारतज्ज्ञ आधी डॉक्टर असतो. एम.बी.बी.एस.ला साडेपाच वर्षे, पुढे एम.डी.ला तीन वर्षे लागतात. आपल्या राज्यात त्याची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेत असते. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेत असते. तिचा कायदा १९९२ सालचा आहे. अशा माणसाने संमोहन शिकून घेतले असेल, तर त्याच्याकडे जावे.

नोंदणीचा क्रमांक विचारा. संमोहन कुठे शिकलात, किती दिवस, तेही विचारा. खरा जाणकार रागावत नाही. “हमखास बरे करतो” म्हणणाऱ्यापासून दूर राहा. आणि चालू गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीही सोडू नका.