मासे विका, पण सल्लाही पक्का द्या

शोभेच्या माशांचा धंदा आता मीरा रोडच्या शांती नगरसारख्या फ्लॅटवाल्या वस्तीतही चालतो. पण गिऱ्हाइकाला मिळणारा सल्ला मात्र अनेकदा कच्चाच असतो. आम्ही एकाच दिवशी टाकी, फिल्टर आणि सहा गोल्डफिश घरी आणले. "दर आठवड्याला सगळे पाणी बदला, फिल्टर नळाखाली धुवा," असे दुकानदाराने बजावले. आम्ही तसेच केले. महिन्याभरात सहाही मासे मेले. दुकानदार म्हणाला, "नवे घेऊन जा!"

कारण नंतर उमगले. माशांपासून पाण्यात अमोनिया साठतो. तो विषारी असतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग कमी घातक नायट्रेट करतात. ते पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातले क्लोरीन मासे आणि जिवाणू दोघांनाही मारक आहे. ब्लीच केलेल्या कापडातले उरलेले क्लोरीन हायपोने, म्हणजे सोडियम थायोसल्फेटने मारतात, हे आम्हा कापडवाल्यांना ठाऊक असते. टाकीच्या पाण्यालाही तेच लागते, हे मात्र कोणी सांगितले नाही.

तेव्हा सुरुवातीला एक-दोनच मासे सोडावेत, खाद्य बेताचे घालावे. आठवड्याला पाव हिस्साच पाणी बदलावे. फिल्टर टाकीतून काढलेल्या पाण्यातच विसळावा.

मेलेल्या माशांमुळे दुसरी विक्री होते खरी. पण पुढच्या वेळी गिऱ्हाईक टाकीच भंगारात देते. कच्चा रंग पक्का म्हणून विकला, तर पहिल्या धुण्यातच दुकानाचे नाव जाते.