सांबराचे शिंग : वाण आणि चारा

एकाच वाणाची ज्वारी काळ्या रानात भरघोस येते आणि मुरमाड माळावर खुरटते, हे शेतकऱ्यांस ठाऊक आहे. सांबराच्या शिंगांनाही हाच न्याय लागू पडतो.

बैलाचे शिंग पोकळ असून जन्मभर टिकते. सांबर व चितळ यांच्या नराचे शिंग भरीव हाडाचे असते. ते साधारणतः दरवर्षी गळते व नवे उगवते. त्याची घडण व फाटे वंशाने ठरतात, आणि हा वारसा बिनशिंगी मादीकडूनही येतो. लांबी व जाडी मात्र वय, चारा, पाणी व आरोग्य यांवरही अवलंबून असते. खाद्यातून चुना व स्फुरद पुरेसे न मिळाल्यास नर ते स्वतःच्या हाडांतून शिंगास पुरवितो.

सातारा जिल्ह्यातील कोयनेचे अरण्य विस्तीर्ण व भरपूर पावसाचे आहे. सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर अभयारण्य अवघे १०.८७ चौरस किलोमीटर व कमी पावसाचे असून तेथे हरणे बाहेरून आणून सोडलेली आहेत. अशा लहान, अलग कळपास नवे रक्त क्वचितच मिळते. उन्हाळ्यात चाराही आटतो. म्हणून आखूड शिंग पाहून वाणास दोष देणे रास्त नव्हे.

वाण पालटणे गावकऱ्यांच्या हाती नाही. चारा राखणे आहे. अभयारण्यात गुरे सोडू नयेत, वणवा लागू देऊ नये. गळलेली शिंगेही उचलू नयेत. साळिंदरे व हरणे ती कुरतडून चुना मिळवितात. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये त्यांची विक्री गुन्हा आहे.