राजीनामा कधी द्यावा?

परदेशातील नोकरीचे पत्र आले की घरात पेढे वाटले जातात आणि उत्साहाच्या भरात मुले दुसऱ्याच दिवशी येथील नोकरीचा राजीनामा देतात. आपल्या व्यापारी घरांना हा व्यवहार चटकन उमगावा. नियुक्तिपत्र हा वायदा आहे, व्हिसा हा रोकडा. वायद्याच्या भरवशावर कोणी चालते दुकान बंद करीत नाही. व्हिसा नाकारला गेला, तर येथील नोकरी गेलेली आणि तेथील मिळालेली नाही. गृहकर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

अडचण तारखांची असते. ब्रिटनचे उदाहरण घेऊ. कामावर रुजू होण्याच्या तारखेपूर्वी फार तर तीन महिने व्हिसासाठी अर्ज करता येतो आणि निर्णयास सामान्यतः तीन आठवडे लागतात. समजा, रुजू व्हायचे १ ऑक्टोबरला. १ जुलैला अर्ज केला, तर व्हिसा जुलैच्या चौथ्या आठवड्यात मिळेल. तेव्हा राजीनामा दिल्यास नव्वद दिवसांची नोटीस ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालेल. म्हणजे सुमारे तीन आठवडे कमी पडतात. यावर उपाय तीन : नव्या कंपनीकडून प्रायोजकत्वाचे प्रमाणपत्र निघण्यापूर्वीच पुढची तारीख मागून घेणे, शिल्लक रजा नोटिशीत वळती करण्याची परवानगी मागणे, किंवा उरलेल्या दिवसांचा पगार भरून मोकळे होणे. पहिला उपाय बिनखर्ची आहे.

अमेरिकेच्या एच-१बी व्हिसाची सोडत मार्चच्या नोंदणीनंतर निघते. वर्षाला ६५,००० आणि तेथील पदव्युत्तरांसाठी आणखी २०,००० इतकीच मर्यादा असून काम १ ऑक्टोबरपासून सुरू होते. सोडतीत नाव आले म्हणजे व्हिसा मिळाला, असे नव्हे. त्यानंतर कंपनीच्या अर्जाला मंजुरी आणि वकिलातीतील मुलाखत बाकी असते. २१ सप्टेंबर २०२५ पासून नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लागू झाले, तेही घोषणेनंतर दोनच दिवसांत. नियम असे अकस्मात बदलतात, म्हणून व्हिसा हाती येईपर्यंत थांबणेच शहाणपणाचे.

राजीनाम्याची तारीख ठरविताना येथील हिशेबही पाहावा. ग्रॅच्युइटीसाठी कायम नोकराची सलग पाच वर्षे सेवा लागते; थोडेच दिवस उरले असतील, तर ते पूर्ण करावेत. नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्या भारतीय नागरिकाचे त्या आर्थिक वर्षातील येथील वास्तव्य १८२ दिवसांहून कमी असेल, तर तो अनिवासी ठरतो आणि तेथे मिळणाऱ्या पगारावर येथे आयकर लागत नाही. १ एप्रिलपासून मोजल्यास ही सीमा २८ सप्टेंबरला येते. जाण्यापूर्वी बँकेला कळवून बचत खाते एनआरओ खात्यात बदलून घ्यावे आणि सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवावेत.

क्रम असा असावा : नियुक्तिपत्र, तारखेची बोलणी, व्हिसा, राजीनामा आणि मग विमानाचे तिकीट. पेढे मात्र व्हिसा आल्यावर वाटावेत. ते अधिक गोड लागतात.